मुलांना घेऊन दापोलीच्या किनाऱ्यावर

तिसरीत शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांना शाळेतून 'मी पाहिलेला समुद्र' या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. त्याने पहिलीच ओळ लिहिली, 'समुद्र दादरला आहे आणि तिथे खूप मोठी रांग असते.' बाईंनी त्याखाली लाल पेनने प्रश्नचिन्ह काढले. बाईंना काय ठाऊक! तो दरवर्षी ६ डिसेंबरला आमच्या खांद्यावर बसून चैत्यभूमीला येतो. समुद्र त्याने तेवढाच पाहिलेला, तोही लोकांच्या डोक्यांवरून.

वही हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आमच्या घरात प्रवास म्हटला की तारखा ठरलेल्या. ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, जमले त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, आणि बाकी गावची लग्ने व पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम. या सर्व ठिकाणी गेलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण नुसते मजेसाठी, दोन दिवस पाण्यात पाय बुडवून बसण्यासाठी म्हणून अख्खे कुटुंब घराबाहेर पडले आहे, असे आमच्याकडे मागच्या दोन पिढ्यांत कोणी केल्याचे मला आठवेना. तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा असे आम्ही ठरवले. ती सहल कशी आखली आणि आखल्यापैकी काय जमले, काय फसले, ते लिहीत आहे. लहान मुले असणाऱ्या भगिनींना त्यातले काही उपयोगी पडेल.

घरात आम्ही पाच माणसे. आमचे हे, मी, आठ वर्षांचा थोरला, साडेतीन वर्षांची छकुली आणि सासूबाई. यांनी सेकंड हँड घेतलेली छोटी गाडी आहे, तिच्यात पाच जण कसेबसे मावतात. कुठे जायचे यावर चार दिवस खल झाला. हे म्हणाले गोवा. मी म्हणाले अलिबाग, म्हणजे जवळ. थोरल्याला समुद्र नको, घसरगुंडीचा तरणतलाव हवा होता. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाल्या, "दापोलीकडं जायचं असलं तर मी येईन. न्हायतर तुम्ही जावा, मी घर बघते."

त्यांचे माहेर दापोली तालुक्यातले, खाडीकाठचे. १९६५ च्या सुमारास आठ वर्षांच्या असताना त्या हर्णै बंदरातून आगबोटीने मुंबईला आल्या. आगबोट लांब पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावात बसवून तिथपर्यंत नेत. त्यानंतर गावी जाणे झाले ते एस.टी.ने, कोणाच्या तरी मरणाला नाहीतर लग्नाला. समुद्र वाटेत नव्हता, म्हणून समुद्र पाहिला नाही. इतके ऐकल्यावर गोवा आणि अलिबाग दोन्ही मागे पडले. हर्णैजवळच्या मुरूडला मुक्काम करायचा असे ठरले. (मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात, हे दापोलीचे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात. खोली ठरवताना नीट विचारून घ्यावे, नाहीतर पैसे एकीकडे आणि माणसे दुसरीकडे.)

आता दिवस कोणता? पावसाळा तर नकोच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या, ते कोणी विसरलेले नाही. तिथे नवा पूल झाला आहे, तरी मुले घेऊन भर पावसात त्या रस्त्याने हौसेसाठी जाऊ नये असे माझे मत. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर पाहायलाही काही नसते. मे महिन्यात उन्हाने वाळू तापते. राहिली दिवाळीनंतरची थंडी.

मी कॅलेंडर घेऊन रविवार शोधत होते. सासूबाईंनी कॅलेंडर हातातून घेतले आणि म्हणाल्या, "वार कसला बघतेस? तिथी बघ." मला वाटले, आता या वयात आई मुहूर्त बघायला लागल्या की काय! आमच्या घरात ते चालत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "मुहूर्त न्हाय गं. पाणी बघायचंय."

हा हिशेब कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो, आपल्याला शाळेत कोणी शिकवलेला नाही, म्हणून सांगते. अमावस्या किंवा पौर्णिमेपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची; तितक्या वाजता साधारण भरती असते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप वर येते आणि तितक्याच ओढीने मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी; त्याला जोर कमी. सासूबाईंचे म्हणणे असे की लहान पोरांना नेायचे तर भांगाच्या पाण्यात न्यावे आणि पाणी चढत असताना खेळवावे, उतरत असताना नाही. उतरते पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. गावच्या कोळ्यांना विचारून खात्री करावीच. पण त्यावरून आम्ही कार्तिक शुद्ध अष्टमी धरली. दिवाळीची गर्दीही तोवर ओसरलेली असते, हा आणखी फायदा.

दिवस ठरल्यावर खोलीसाठी फोन केला. पलीकडचा आवाज गोड होता. माणसे किती, मुले केवढी, जेवण शाकाहारी की मासे, सर्व विचारले. खोली आहे म्हणाले. मग विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितले. "म्हणजे मूळ कुठले?" तेही सांगितले. थोडा वेळ शांतता. "बघतो आणि कळवतो." दोन दिवस झाले तरी फोन नाही. मी केला तर "फुल्ल आहे" म्हणाले. यांच्या खात्यातल्या एका मित्राने त्याच दिवसांसाठी आपल्या आडनावाने विचारले, तर खोली होती. पाहिजे तर समुद्राच्या बाजूची देऊ, असेही म्हणाले.

मित्र बिचारा शरमला. म्हणाला, "माझ्या नावावर करून टाका, तिथे कोण बघतंय?" खरे सांगते, क्षणभर मलाही ते पटले. मुलांची हौस आहे, दोन रात्रींचा प्रश्न आहे, कशाला मन खट्टू करायचे! हेही गप्प होते. सासूबाई तेवढ्या ठाम राहिल्या. "पोरगा तिसरीत हाय. त्याला नाव विचारलं तर तो आपलंच सांगनार. त्याला खोटं बोलायला शिकवून समुद्र दाखवनार काय?"

मग दुसरीकडे शोधले. मुरूडमध्येच एका बाईंच्या नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या होत्या. त्यांना मी पहिल्याच वाक्यात नाव, आडनाव, गाव सर्व सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "बरं. धाकटीला भात मऊ लागतो का? आणि तिखट कितपत?" बस्स, एवढीच चौकशी.

मुलांच्या प्रवासाची तयारी म्हटली की मला नेहमी १९०१ सालचा एक प्रवास आठवतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत तो प्रथमच सांगितला आहे. तेव्हा ते साताऱ्यात शिकत होते, वय नऊ-दहा वर्षांचे. वडील नोकरीच्या गावी. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बोलावले होते. मुलांनी पत्र पाठवले, नवे कपडे केले, नव्या टोप्या घातल्या, डबे भरून घेतले आणि आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते, कारण नोकराने पत्र वडिलांना द्यायचेच राहून गेले होते. जात कळल्यावर गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर पाण्यासाठी, कोणी विचारले तर मुसलमान आहोत म्हणून सांगा, असे गाडीवानाने सुचवले. बाबासाहेबांनी तसे सांगूनही पाहिले. पाणी मिळाले नाहीच. डबे भरलेले होते, पण घोटभर पाणी नाही म्हणून मुले उपाशी झोपली.

शाळेत असताना हे वाचले तेव्हा मला राग आला होता. आता दोन मुलांची आई म्हणून वाचते तेव्हा माझे लक्ष त्या डब्यांकडे जाते. कोणीतरी ते भरून दिले असतील. कोणीतरी टोप्या नीट बसवल्या असतील. तयारीत काही कमी नव्हती.

असो. आमच्या यादीत पाणी पहिल्या ओळीवर होते. पाच लिटरचे दोन कॅन आणि प्रत्येकाच्या गळ्यात आपली बाटली. मी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे औषधांची पिशवी मी भरली: जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे औषध, थर्मामीटर, पट्ट्या, कापूस. पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घालायचे असते. चिमटीचिमटीने पेल्यात टाकू नये. (पाकिटावर पाण्याचे माप लिहिलेले असते, ते वाचावे.) पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा लहान चहाचा. प्रवासात मुले उलट्या करतात त्याला घरोघरी उपाय आहेत. माझा अनुभव असा की निघण्यापूर्वी दूध देऊ नये, पोट अगदी रिकामेही ठेवू नये, कोरडी पोळी किंवा चुरमुरे द्यावेत, आणि गाडीत मोबाईल मुळीच हातात देऊ नये. मान खाली गेली की पोट वर येते. आवळासुपारी आणि आलेपाक जवळ ठेवावा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर आपल्या मनाने कधीच देऊ नये.

बसण्याबद्दल घरात भांडण झाले. यांचे म्हणणे, छकुली पुढे माझ्या मांडीवर बसेल. मी नाही म्हटले. गाडीला जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल आईच्या हातात राहत नाही, ते मी कामावर पाहिलेले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलालाही पट्टा किंवा मुलांचे आसन लावल्याशिवाय नेले तर हजार रुपये दंड आहे. पण दंडाचे सोडा. नात्यातल्या एका घरून लहान मुलांचे आसन मागून आणले, धुतले, मागच्या सीटला बांधले. छकुलीने पहिला अर्धा तास आकांत केला, नंतर तिला ते आपले सिंहासन वाटू लागले.

पहाटे साडेचारला मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवले आणि कल्याणहून निघालो. शिळफाटा, पनवेल, पळस्पे करून मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालले, त्याबद्दल कोकणी माणसाला नव्याने सांगण्यासारखे काही नाही. कुठे विमान उतरेल असा रस्ता, कुठे गाडीचा तळ घासेल असा. पहाटे निघाल्याचा फायदा एवढाच की कर्नाळा, पेण, वडखळ मुलांच्या झोपेत गेले. त्यानंतर दर दीड तासाने थांबायचे असा नियम केला होता आणि तो पाळला. मोठी माणसे 'आणखी थोडे पुढे जाऊन थांबू' म्हणतात. मुलांच्या पोटाला ते कळत नाही.

माणगावच्या पुढे लोणेरे लागते. तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची पाटी थोरल्याने मोठ्याने वाचली. महाड जवळ आले तसे डाव्या-उजव्या डोंगरांकडे बघत राहिलो. रस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. चढून जायचे ठरवले होते. पण छकुली नेमकी पुन्हा झोपली होती आणि तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढणे सासूबाईंच्या गुडघ्यांसह जमण्यासारखे नव्हते. लेणी खालूनच पाहिली. लहान मुले घेऊन निघालेल्याने ठरवलेल्या चार गोष्टींपैकी दोन सोडायची तयारी ठेवावी. आंबडव्याला, बाबासाहेबांच्या मूळ गावी जाण्याचे आम्ही आधीच रद्द केले होते. मंडणगडचा वळसा एका दिवसात झेपला नसता.

चवदार तळ्यावर मात्र दोन तास थांबलो. मोठा जनसमुदाय असतो तो २० मार्चला. त्या सकाळी आम्ही आणि पायरीवर बसलेला एक म्हातारा, एवढेच होतो. मुलांनी डबे उघडले, आम्ही कठड्यापाशी बसलो. थोरल्याला शाळेत एवढे शिकवले आहे की २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे ओंजळीने पाणी प्यायले. त्याने तळ्याकडे पाहिले, आपल्या बाटलीकडे पाहिले आणि विचारले, "आजी, त्यांनी घरून बाटली का नाही आणली?"

मला आणि यांना हसू आले, आणि मग उत्तर सुचेना. कायदे मंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, ही सनावळी मला पाठ आहे. आठ वर्षांच्या मुलाला ती सांगून काय कळणार?

सासूबाई म्हणाल्या, "आनली असती तरी इथं आलेच असते ते. तुला घरी पान्याचा माठ हाय ना? तरी शाळेत नळावर पितोस ना?"

"हो."

"तुला कोन म्हनलं की बाकीच्यांनी नळावर प्यायचं, कुत्र्यामांजरानं प्यायचं, तू घरी जाऊन पी. तर?"

तो विचारात पडला. "मी बाईंना सांगीन."

"बाईच तसं म्हनत असल्या तर?"

त्याने उत्तर दिले नाही. डब्यातला पराठा तसाच हातात धरून पाण्याकडे बघत राहिला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब हेच म्हणाले होते, की हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर ते नव्हते म्हणून मेलोही नाही. आपण जातो ते आपणही माणसेच आहोत हे दाखवायला. पुढे कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे. हा भाग मी गाडीत बसल्यावर त्याला सांगितला, तेव्हा त्याचा प्रश्न होता, "दहा वर्षं म्हणजे माझ्याहून मोठं?"

निघताना त्याला तळ्यातून बाटली भरून घ्यायची होती. पाणी पिण्याजोगे दिसत नव्हते. मी नर्स असल्याने नाही म्हणाले आणि अजूनही मला ते बरोबरच वाटते. पण म्हणताना जीभ जड झाली, हेही खरे.

महाड ते खेडचा भरणे नाका हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे. पोलादपूरनंतर पूर्वी कशेडीची वळणे मुलांचा जीव काढत असत. आता बोगदा झाल्याने तो त्रास बराच वाचतो. आमची आवळासुपारी लागली ती त्यानंतर, खेडहून दापोलीला चढताना. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. छकुलीने एकदा फ्रॉक बदलायला लावला, तेवढ्यावर भागले. दापोली उंचावर असल्याने हवा गार. इंग्रजांच्या काळी येथे लष्कराचे ठाणे होते आणि पेन्शनीत निघालेले आपले अनेक शिपाई-सुभेदार येथे स्थायिक झाले. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ येथे राहिले. बाबासाहेबांच्या अगदी बालपणीचे दिवस या कॅम्प दापोलीत गेले.

मुरूडला पोचायला दुपारचे तीन झाले. वाडीच्या बाईंनी वही पुढे केली, मी नाव लिहिले, त्यांनी मान वर न करता वही मिटली आणि "सोलकढी धाकटीला चालते ना?" असे विचारत आत गेल्या. मी मनात किती गोष्टींची तयारी करून आले होते! ती सर्व तशीच राहिली.

चारला समुद्रावर गेलो. सासूबाईंच्या हिशेबाप्रमाणे पाणी चढत होते. थोरला धावत गेला आणि पाण्यापासून चार हातांवर गपकन थांबला. "रांग नाही?" असे त्याने खरोखरच विचारले. छकुलीला आधी लाट आवडली नाही, ती प्रत्येक लाटेला "जा" म्हणून सांगत होती आणि लाट गेली की टाळ्या वाजवीत होती. मुलांना गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचे नाही, एका मुलामागे एक मोठे माणूस, आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत, असा आमचा नियम होता. फोटो यांनी काढले, तेव्हा मुलांवर डोळा मी ठेवला. वाळूत गाड्या घालून मजा करणारी मंडळीही होती. त्यांतली एक रुतून बसली आणि भरतीचे पाणी तिच्या चाकांपर्यंत आले, तेव्हा गावकऱ्यांनीच दोर लावून ती ओढली. आपली गाडी रस्त्यावर ठेवावी, पायी जावे.

सासूबाई सुरुवातीला वाळूवर चादर टाकून बसल्या होत्या. लहानपणी त्या खाडीवर तिसऱ्या वेचायला जात. ओहोटीला चिखलात वाकायचे, भरती लागली की निघायचे. "पान्यात उभं ऱ्हायला येळ कुनाला होता?" म्हणाल्या. साडेपाचच्या सुमारास त्यांनी चपला काढल्या, लुगडे जरा वर खोचले आणि कोणाला न सांगता पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. सूर्य मावळेपर्यंत तशाच होत्या. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वणंदला गेलो. माता रमाईंचे गाव, दापोलीपासून जवळच. तेथील स्मारकात वंदना घेतली. रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून मासळीच्या टोपल्या वाहून नेत. ते आणि आई दोघेही लवकर गेल्याने लहानगी रमा भावंडांसह मुंबईला काकांकडे आली, आणि पुढे लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर. हे मी मुलांना सांगितले खरे, पण त्यांचे लक्ष अंगणातल्या कोंबडीकडे होते. काही हरकत नाही.

ते त्यांच्या लक्षात आले संध्याकाळी, हर्णै बंदरावर. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. बोली इतकी भरभर चालते की आम्हाला शेवटचा आकडासुद्धा कळेना. पापलेट, सुरमई, बांगडे, कोळंबी. चिखल, बर्फ, आरडाओरडा आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. किल्ल्यावर होडीने जाता येते, पण चढउतार ओल्या वाळूत करावी लागते, म्हणून छकुलीला घेऊन गेलो नाही. किनाऱ्यावरचा गोवा किल्ला पाहिला. बंदरावर एक माणूस डोक्यावर पाणी गळणारी टोपली घेऊन आमच्या अगदी जवळून गेला. थोरल्याने विचारले, "रमाईचे बाबा असंच न्यायचे?" सासूबाई म्हणाल्या, "असंच. पन दाभोळचं बंदर हितनं लांब हाय, आन् रस्ता चढाचा." तो त्या माणसाच्या मागे मागे थोडे चालत गेला, टोपलीतून गळणाऱ्या पाण्याखाली हात धरून. परत आला तो हाताचा वास घेत आणि छकुलीला वास देत.

आम्ही अर्धा किलो कोळंबी घेतली, वाडीच्या बाईंनी ती करून दिली. बटाटा घालून, बिनतिखटाची वेगळी काढून. त्यांना आम्ही पुढच्या वेळेचेही सांगून आलो आहोत.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. उन्हात निघालो ही चूक झाली, मुले कावली, वडखळला अडकलो, घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. गाडीत अजून वाळू सापडते. यादीच्या वहीत मी पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवले आहे: कपडे निम्मे, छकुलीचे फ्रॉक दोन जास्त, परत निघायचे ते पहाटे, गांधारपाले लेणी चढायची, त्यासाठी महाडला रात्रीचा मुक्काम, आंबडवे. त्याच्याखाली सासूबाईंनी त्यांच्या मोठ्या अक्षरात स्वतःच एक ओळ घातली आहे: 'माघ शुद्ध अष्टमी?'